सातच्या बसआधीची फायनल

माझी आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला बसायची. काजूच्या टरफलात तेल असतं. ते बोटांना लागलं की कातडी जळते, काळी पडते आणि मग साबण, राख, काहीही लावा, तो काळेपणा जात नाही. शाळेत पालकांची सभा असली की आई दोन्ही हात पदराखाली घेऊन मागच्या बाकावर बसायची. बाई म्हणायच्या, सही करा. आई म्हणायची, पोरगीच करील.

बाबा तेव्हा मस्कतला. आमच्या गावात आखातात कुठेही गेलेला माणूस मस्कतलाच असतो. खरं तर ते सोहारच्या औद्योगिक वसाहतीत परांच्या बांधायचे. मोठ्या टाक्यांभोवती लोखंडी पाइपांची परांची उभी करायची, तिच्यावर चढून वेल्डर आणि रंगारी काम करणार, काम झालं की सगळी उतरवून पुढच्या टाकीला जायचं. दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी. मी कॉलेजच्या कबड्डी संघात होते, विद्यापीठापर्यंत खेळले. बाबांनी माझा एकही सामना पाहिला नाही. ते स्वतः एकेकाळी गावच्या संघाचे पहिले चढाईपटू, ते मी पाहिलेलं नाही. गुडघा गेला आणि ते बाहेर गेले, तेव्हा मी पहिलीत होते.

कॉलेजच्या फॉर्मवर पालकांच्या शिक्षणाचा रकाना होता. वडील चौथी, आई शाळेत गेली नाही, असं मी ठळक अक्षरात लिहिलं. लाजायचं कशाला? मी बी.ए. झाले, मग बी.पी.एड. झाले, आता तालुक्याच्या हायस्कुलात खेळ शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

दर जानेवारीत बाबांचा फोन यायचा. मस्कत आणि सोहारच्या मधल्या बरक्याला मराठी मंडळाची कबड्डी असते, एका शुक्रवारची. बाबा म्हणायचे, "सेमी बघितली गो. फायनल कोण जिंकला ते उद्या कळंल." अकरा वर्षं हेच वाक्य. मला वाटायचं, दमून झोपत असतील. मग एकदा बरक्याचे हमीदचाचा सुट्टीला आले. ते आमच्या शेजारच्या बंदरातले, पंचवीस वर्षं तिकडे भाजी-मासळीचा व्यापार करणारे. त्यांनी खरं सांगितलं. फायनलच्या आधी पाहुण्यांचे सत्कार असतात. पाहुणे सातला येतात. सोहारच्या कामगारांची बस सातला सुटते, कारण कॅम्पचं गेट नऊला बंद होतं आणि शनिवारी पहाटे ड्युटी. खेळणाऱ्या पोरांना तेवढी कंपनी सूट देते, पण बघायला आलेल्या सोहारच्या एकाही माणसाने बरक्याची फायनल कधी पाहिलेली नाही. आणि बाबांचा व्हिसा येत्या मार्चमध्ये संपणार होता. म्हणजे ही शेवटची.

मी म्हटलं, चाचा, मला व्हिजिट व्हिसावर बोलवा. मैदानाची व्यवस्था त्यांच्याकडेच असायची, म्हणून त्यांनी मंडळाला समालोचक म्हणून माझं नाव दिलं.

मंगळवार, बरका

दोन हजार चौदाचा जानेवारी. मस्कतच्या विमानतळावर माझी बॅग उघडली, कारण तिच्यात आईने सुकट भरून दिली होती आणि ती लपण्यासारखी वस्तू नाही. अधिकारी तरुण, पांढऱ्या झग्यातला. पिशवीला नाक लावलं, थांबला आणि हसला. मोडक्या हिंदीत म्हणाला, माझी आजी पण सुकवते, भातावर कुस्करून खातो आम्ही. पिशवी परत दिली. आमच्याकडे सुकट घेऊन एस.टी.त चढलं तर कंडक्टर मागच्या सीटवर पाठवतो.

बरका समुद्राला लागून. एका बाजूला खजुरांच्या बागा, दुसरीकडे लांबवर डोंगर, आणि डोंगरावर गवताची एक काडी नाही. कोकणातल्या माणसाला तो डोंगर अपुरा वाटतो, कोणीतरी हिरवा रंग द्यायचा विसरून गेल्यासारखा. दोन दिवसांनी मात्र संध्याकाळच्या उन्हात तो जांभळा झालेला पाहिला आणि मी माझं मत मागे घेतलं.

हमीदचाचांच्या घरी रुखसानाचाचीने सांदणं केली होती, नारळाच्या दुधात बुडवून खायची. जेवताना मी वेळापत्रकाचा कागद काढला. आठ संघ, सात सामने. दुपारी बाराला सुरू केलं तर पाचला फायनल संपते. मी मोठ्या अभिमानाने कागद पुढे सरकवला. चाचांनी चष्मा लावून वाचला आणि चाचीकडे पाहिलं.

"बेटा, शुक्रवारी बाराला कोण येणार? मी तर नाय येणार. मी मशिदीत असणार."

बी.पी.एड. झालेल्या बाईने शुक्रवारच्या नमाजाच्या वेळेला पहिला सामना लावला होता. चाची तोंडाला ओढणी लावून हसत होती. मी कागद फाडला आणि नव्याने मांडणी केली. दुपारी दोनला सुरुवात. पहिले चार सामने दोन मैदानांवर, म्हणजे दुसरं मैदान आखायचं. मग दोन सेमी, मग मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची सुट्टी, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी फायनल. पावणेसातला खलास. बसला पंधरा मिनिटं उरतात.

चाचा म्हणाले, कागदावर बसतंय. पण अध्यक्षांना बसवता येईल का ते बघ.

बुधवार, कुरुम

मंडळाचे अध्यक्ष पुण्याकडचे, मस्कतच्या कुरुम भागात एका मोठ्या ऑफिसात वरच्या जागेवर. माणूस वाईट नाही. चहा मागवला, गावाची चौकशी केली, कबड्डीच्या समालोचनाला तुम्ही आलात हे चांगलं झालं म्हणाले. माझ्या मागण्या मी एका दमात सांगितल्या. पाण्याचे दोन पिंप, एक कापडी छप्पर, लांबून दिसेल असा गुणफलक, दुसरं मैदान. त्यांनी सगळ्याला मान डोलावली. मग मी म्हटलं, सत्कार फायनलनंतर.

मान थांबली.

त्यांचं म्हणणं असं की परवानग्या, दिवे, ढाली, हे सगळं पाहुण्यांमुळे मिळतं. त्यांचा मान राहिला पाहिजे. आणि फायनल आधी संपली तर सत्काराला थांबणार कोण?

मी म्हटलं, पाहुण्यांना फायनलच दाखवा, सहाला या म्हणावं.

"ते सहाला येत नाहीत हो."

"मग जे येत नाहीत त्यांच्यासाठी जे आलेत त्यांना का घालवता, साहेब?"

ते हसले. तुम्ही पाहुण्या आहात, म्हणाले, इथल्या पद्धती तुम्हाला हळूहळू कळतील. मी म्हटलं, मला दहा दिवसांचाच व्हिसा आहे, हळूहळू कळून चालणार नाही. चहा संपवून मी उठले. पिंप मिळाले, छप्पर मिळालं. फायनल साडेसातलाच राहिली.

परतताना चाचांची गाडी एका हिरव्या मैदानाशी थांबली. गोरी माणसं रग्बी खेळत होती. बाजूच्या उतारावर बायकापोरं चटया टाकून बसलेली. मी जाऊन बसले. शेजारच्या बाईने मला खेळ समजावला, तिचं इंग्रजी मला अर्धं कळलं, पण खेळ पूर्ण कळला. हा तेरा-तेरा जणांचा, लीगचा प्रकार. चेंडू घेऊन समोरच्यांच्या भिंतीत घुसायचं, ते पकडून पाडणार. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांना. हातातला चेंडू सोडला तर सगळी पकड आमचीच, कबड्डीची. कपाळाला रक्त, पाठीला माती, आणि उठून पुन्हा रांगेत.

पण मी खेळापेक्षा उतार जास्त बघत होते. तिथे बसलेल्या शेवटच्या पोरालाही सगळं दिसत होतं. पाण्याचा नळ दहा पावलांवर. फळ्यावर वेळ लिहिलेली, आणि त्याच वेळेला शिट्टी झाली. कोणी भाषण केलं नाही. संपल्यावर खेळाडूच प्रेक्षकांकडे येऊन टाळ्या वाजवून गेले. ह्यात गोऱ्यांची काही मोठी अक्कल आहे असं मला वाटत नाही. बघायला आलेल्या माणसाला माणूस धरलं की झालं. आमच्या लोकांना ते जमणार नाही असं म्हणणाऱ्याला मी बरक्याच्या मैदानावर उभं करणार होते.

गुरुवार, सोहार

बरक्याहून सोहार चाचांच्या गाडीने दीड-दोन तास. रस्ता सरळ, कोरड्या ओढ्यांवर पाटी लावलेली की पाणी आलं तर ओलांडू नका. पाण्याचा थेंब नाही आणि सूचना एवढी मोठी.

कॅम्पच्या आत बाईमाणसाला सोडत नाहीत. गेटवरच्या रखवालदाराने समोरच्या कॅफेटेरियाकडे बोट दाखवलं. तिथे बायकांसाठी पडदा लावलेली खोली होती. मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. बाबा शिफ्ट संपवून आले तेव्हा निळा डगला, डोक्यावर हेल्मेटचा वळ, आणि चालताना तो गुडघा. दोन वर्षांत केस सगळे पांढरे झाले होते. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. ते म्हणाले, "आईस कशी हाय?" आणि मी म्हटलं, "सुकट पाठवलीय."

मग त्यांचे सोबती जमले. खेडचे, गुहागरचे, माणगावचे, एक-दोन बीडकडचेही. घट्ट दुधाचा कडक चहा आणि पराठे आले. मी वही काढून विचारलं, तुम्हाला मैदानावर काय हवंय ते सांगा. कोणाला खरं वाटेना. एक म्हणाला, टोप्या वाटतात की दरवर्षी. दुसरा म्हणाला, टोपीवर कंपनीचं नाव असतं, आमच्या डोक्यावर त्यांची जाहिरात. हशा झाला. मग हळूहळू निघालं. पुढे पाहुण्यांचे सोफे, सोफ्यांमागे खुर्च्या, खुर्च्यांमागे दोरी, आणि दोरीमागे हे, उभे, दुपारभर.

गुहागरचा एक उंचीने बेताचा माणूस म्हणाला, "ताई, आम्ही आवाजावर कबड्डी बघतो. ओरडले की समजायचं, कोणतरी गेला."

मी बाबांना विचारलं, तुम्ही उभे राहायला जागा बांधत का नाही? आयुष्यभर दुसऱ्यांना उंचावर उभं करता.

बाबांनी चहाचा कागदी कप खाली ठेवला. आमच्या घरात बाबा फार बोलत नाहीत, पण कामाचं निघालं की आवाज बदलतो. पाइप कुठले, किती, जमीन कशी, वाळू की मुरूम, हे त्यांनी विचारलं. कंपनीच्या मालाला हात लावायचा नाही, हे आधीच बजावलं. चाचांच्या ओळखीचा बरक्याचा एक बांधकामवाला होता, त्याच्या वखारीत पाइप आणि फळ्या पडून होत्या. चाचांनी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, एका दिवसाला न्या, मोजून परत करा. बसवाला पठाण ड्रायव्हर कोपऱ्यात पराठा खात होता. त्याला विचारलं, उद्या सकाळी लवकर निघशील का? तो म्हणाला, लवकर निघेन, पण परतीची बस सातची ती सातचीच, गेट माझ्या बापाचं नाही.

निघताना बाबा एवढंच म्हणाले, "अध्यक्षांशी भांडू नको, बाय. आपल्याला इथं राहायचं नसलं तरी ह्या पोरांना राहायचं हाय."

हे वाक्य मला परतीच्या सगळ्या वाटेवर टोचत होतं.

शुक्रवार, मैदान

सकाळी नऊला बस आली. बारा माणसं उतरली, बाबा पुढे, आणि बाकीच्यांना आणायला बस परत गेली. मैदान म्हणजे चाचांच्या वखारीमागची मोकळी जागा, त्यांच्या अर्बाबची, म्हणजे ज्या ओमानी मालकाच्या नावावर त्यांचा धंदा चालतो त्याची. आदल्या दिवशी सकाळी, सोहारला निघण्याआधी, मी आभार मानायला त्या म्हाताऱ्यांच्या घरी गेले होते. आधी खजूर, मग बिनदुधाची वेलचीची कॉफी, चिमुकल्या कपात. कप रिकामा झाला की त्यांचा मुलगा भरायचा. पुरे म्हणायचं असेल तर कप हलवून दाखवायचा असतो हे मला सातव्या कपानंतर चाचीने सांगितलं.

बाबांना काम करताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आवाज नाही, घाई नाही. खाली रुंद फळ्या, वाळूत पाय रुतू नयेत म्हणून. त्यावर पाइप, कप्लिंग, पाना, पुढचा पाइप. लेव्हल बघायला बाबा एक डोळा मिटून वाकायचे. साडेअकराला चार पायऱ्यांची परांची उभी होती, प्रत्येक पायरीवर पंचवीस माणसं, मागे कठडा. बाबा स्वतः चारही पायऱ्यांवर उड्या मारून आले, त्या गुडघ्याने. मग खिशातून एक हिरवी चिठ्ठी काढली आणि तारेने कठड्याला बांधली. त्यांच्या कामात ही चिठ्ठी असली तरच परांचीवर पाय ठेवायचा. तिच्यावर त्यांनी तारीख घातली आणि खाली सही केली. मगच बाकीच्यांनी पाने खाली ठेवले.

सोफे आले होते, पांढरी कव्हरं घातलेले, बरोबर मध्यरेषेसमोर. मी आणि चाचीने ते ओढून कोपऱ्यात नेले. चाची म्हणाली, बोलणी तुला खायला लागतील. मी म्हटलं, खाईन.

दोनला शिट्टी झाली. माइक माझ्याकडे. मी पाहुण्यांची नावं घेतली नाहीत, पाहुणे नव्हतेच. कोण चढाईला आला, कोणाची पकड, गुण किती, एवढंच बोलले, आणि गुणफलकावर चाचांचा मोठा मुलगा खडूने हातभर आकडे काढत होता. परांची दोन वाजून दहा मिनिटांनी भरली. पायरीवर सव्विसावा चढू लागला तर बाबा खालून म्हणायचे, उतर, वजन मी धरलेलं हाय. कोपऱ्यातल्या सोफ्यांवर मस्कतच्या रुवी भागातून आलेल्या बायका पोरांना घेऊन बसल्या. त्या पोरांचं मराठी अडखळत होतं, पण 'पकड, पकड' सगळ्यांना येत होतं.

सेमी पाच वाजून दहा मिनिटांनी संपल्या. फायनल सोहार आणि रुवी. मगरिबची सुट्टी झाली. दिवे लागले. सहा वाजले. मी पंचांना मैदानात उतरायची खूण केली, तर ते माझ्याकडे आले. म्हणाले, अध्यक्ष नाहीत, मी कसं सुरू करू?

आता इथे मला बाबांचं कालचं वाक्य आठवलं. मी भांडून निघून गेले असते, राहिली असती ती पोरं. म्हणून मी दोन्ही कर्णधारांना टेबलाशी बोलावलं आणि विचारलं, आत्ता खेळता की दीड तासाने? सोहारच्याचं उत्तर मला माहीतच होतं. रुवीचा कर्णधार गाड्या दुरुस्त करणारा, सांगलीकडचा, त्याला कसलीच बस पकडायची नव्हती. त्याने परांचीकडे पाहिलं.

"दरवर्षी आम्ही फायनल रिकाम्या दोरीसमोर खेळतो, मॅडम. जिंकलो तरी ढाल घेताना टाळ्या कोण वाजवतंय, बुफेच्या रांगेतली चार माणसं. आत्ता खेळू."

गुणपत्रिकेवर मी लिहिलं, सामना माझ्या जबाबदारीवर सुरू केला, आणि पूर्ण नावाने, पदवीसकट सही केली. काही विचारलं तर माझं नाव सांगा, दुसऱ्या कोणाचं नको, असं पंचांना म्हटलं. हमीदचाचा नमाजाहून येत होते. लांबूनच त्यांनी हात हलवला, "यल्ला, चला, कशाची वाट बघता?"

सहा वाजून सात मिनिटांनी पहिली चढाई झाली.

अध्यक्ष आले ते दुसऱ्या डावात. सोबत तीन पाहुणे, हातात शाली. सोफे शोधत ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथे पोरं झोपलेली पाहून थेट माझ्या टेबलाशी आले.

"कोणी सांगितलं सुरू करायला?"

मी माइकवर तळवा ठेवला. "मी."

"हा कार्यक्रम मंडळाचा आहे. तुम्हाला अधिकार काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसला वीस मिनिटं आहेत. थांबवायचं असेल तर हा माइक घ्या आणि त्या शंभर माणसांकडे बघून तुम्हीच सांगा."

त्यांच्याकडे माइक धरून मी उभी राहिले. त्यांनी परांचीकडे पाहिलं. तिथून कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. सोहारची चढाई चालू होती, गुण एकोणीस-एकवीस, आणि चार पायऱ्यांवरची माणसं एकाच अंगाने पुढे झुकली होती. अध्यक्षांनी माइक घेतला नाही. पाहुण्यांमधला एक वयस्कर गृहस्थ मात्र शाल खांद्यावर टाकून दोरीला टेकला आणि मला विचारू लागला, गुणांत मागे कोण आहे, सोहार का? मी माइकवरून तळवा काढला आणि पुढचं सांगू लागले.

सोहार दोन गुणांनी हरला. शेवटच्या चढाईत त्यांचा पोरगा मध्यरेषेपासून वीतभर मागे धरला गेला. परांची उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. दोन्ही संघ तिच्यासमोर येऊन वाकले. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं, मी तर नाहीच.

बाबा सगळे उतरेपर्यंत खाली कठडा धरून उभे होते. शेवटचा माणूस उतरल्यावर त्यांनी हिरवी चिठ्ठी सोडवली आणि खिशात ठेवली. मी म्हटलं, बाबा, हरलो.

"दरवर्षी हरतो गो. फोनवर कळायचं. आज डोळ्यांनी बघितलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू बरी बोलतेस माइकवर. चढाई पण अशीच करायचीस?"

बस सातला सुटली. पठाणाने एक मिनिटही जास्त दिलं नाही.

सत्कार नंतर झाले. चांगले झाले, मी दोन शालींसाठी टाळ्याही वाजवल्या. अध्यक्षांनी निघताना मला सांगितलं की पुढच्या वर्षी समालोचनाला मंडळ स्थानिक माणूस घेईल. मी म्हटलं, जरूर घ्या, फक्त त्याला बसची वेळ सांगून ठेवा. मला पुन्हा कोणी बोलावलं नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

बाबा मार्चमध्ये घरी आले. हिरवी चिठ्ठी देवाच्या फोटोशेजारी लावलेली आहे. पुढच्या जानेवारीत हमीदचाचांचा फोन आला तो बाबांसाठी, सोहारच्या पोरांनी परांची स्वतः बांधली आणि या वेळी पाच पायऱ्यांची केली हे सांगायला. रुवीच्या कर्णधाराने मंडळाला सांगितलं होतं, रिकाम्या दोरीसमोर आम्ही आता खेळणार नाही. तेव्हापासून बरक्याची फायनल मगरिबनंतर लगेच सुरू होते, सत्कार तिच्यानंतर होतात, आणि सोहारची बस फायनल बघून सातला सुटते.